आईच्या ठिसूळ हाडांसाठी ‘के-२’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्यात का?

माजघर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आईचे वय ६७ आहे. दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला, सावरण्यासाठी तिने हात टेकला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर गेल्या आठवड्यात निघाले. अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यानंतर डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घेतली. तीत कण्याचा टी-स्कोअर (तरुण वयातल्या घनतेच्या तुलनेतला आकडा) उणे ३.१ आणि खुब्याचा उणे २.७ आला. चिठ्ठीवर दोन औषधे आहेत. एक म्हणजे आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी घ्यायची, हाडांची झीज रोखणारी ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी, आणि दुसरी रोज दुपारच्या जेवणानंतर घ्यायची कॅल्शियमची गोळी. कॅल्शियमची पट्टी उलटी करून वाचली, तेव्हा त्यात डी-३ बरोबर ‘व्हिटॅमिन के२-७, ४५ मायक्रोग्रॅम’ असेही बारीक अक्षरांत छापलेले दिसले. ही गोळी आई प्लास्टर घातल्यापासूनच घेते आहे.

अडचण आठवड्याच्या गोळीची आहे. तिने जबड्याचे हाड सडते असे शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून आईने ती पट्टी उघडलेलीसुद्धा नाही. दरम्यान न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने के-२ जीवनसत्त्वाची बाटली पाठवली आहे. एका कॅप्सूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम एमके-७ (के-२ चाच एक प्रकार) आहे. तिचे म्हणणे असे की के-२ कॅल्शियमला रक्तवाहिन्यांत साचू न देता हाडांकडे वळवते, आणि जपानमध्ये तर डॉक्टरच हाडांसाठी ते लिहून देतात. आईला हे फार पटले आहे, कारण तिच्या मते जीवनसत्त्व म्हणजे औषध नव्हे. (भावाने घरच्या गटात निरोप पाठवताना ‘क जीवनसत्त्व’ असे लिहिल्यामुळे बाटली येईपर्यंतचे आठ दिवस आई लिंबू सरबत आणि आवळे यांवर भर देत होती, हे वेगळे सांगायला नको.)

के-२ चा हाडांना खरोखर उपयोग होतो का, ते आठवड्याच्या गोळीऐवजी चालेल का, आणि ४५ अधिक १०० असे दोन्ही मिळून जास्त तर होणार नाही ना, हे मला जाणून घ्यायचे आहे. आईला रक्तदाबाची एक गोळी सोडली तर दुसरे औषध नाही. मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आहेत.

अळूवडी (प्रतिसाद)

मी आहारतज्ज्ञ आहे. औषधांविषयी या मंडळावरचे डॉक्टर लिहितीलच, म्हणून मी ताटापुरतेच लिहिते.

‘क’ आणि ‘के’ यांचा घोळ आपल्याकडे नेहमीचा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतले ‘क’ म्हणजे इंग्रजीतले ‘सी’, तर ‘के’ हे अक्षर रक्त गोठण्याच्या क्रियेसाठीच्या ‘कोआग्युलेशन’ या शब्दावरून आले आहे. डेन्मार्कमधील हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेला आहार दिला, तेव्हा पिलांना रक्तस्राव होऊ लागला. त्यातून या जीवनसत्त्वाचा शोध लागला, डाम यांनी त्याला १९३५ मध्ये हे नाव दिले आणि १९४३ चे नोबेल पारितोषिक डाम आणि अमेरिकेतील एडवर्ड डॉयझी यांना मिळून देण्यात आले. हाडांशी असलेला त्याचा संबंध पुष्कळ नंतर उलगडला.

के चे के-१ आणि के-२ असे दोन प्रकार आहेत. आहारातले के-१ हिरव्या पानांत असते आणि पान जितके गडद तितके ते जास्त. शंभर ग्रॅम पालकात ते साधारण ४८० मायक्रोग्रॅम आणि तितक्याच कोथिंबिरीत ३०० च्या आसपास असते. माठ-राजगिऱ्याची पाने तर पालकाच्याही पुढे आहेत. अमेरिकेत प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला ९० मायक्रोग्रॅम पुरेसे धरतात. म्हणजे माठाची वाटीभर भाजी खाल्ली, तर त्या दिवसाचा प्रश्न मिटतो. हे जीवनसत्त्व शिजवण्याने फारसे नष्ट होत नाही आणि स्निग्ध पदार्थाबरोबर ते अधिक चांगले शोषले जाते, त्यामुळे तेलाची फोडणी दिलेली आपली परतलेली भाजी या कामी नुसत्या कोशिंबिरीपेक्षा सरस ठरते. तेलांतही फरक आहे. सोयाबीन तेलात के-१ बऱ्यापैकी असते, शेंगदाणा तेलात मात्र ते नसल्यातच जमा आहे. अर्थात एवढ्यासाठी घाण्याचे तेल बदलण्याचे कारण नाही, भाजी खावी.

के-२ चे गणित निराळे आहे. एमके-७ हा प्रकार जिवाणू तयार करतात आणि त्याचा सर्वांत समृद्ध स्रोत म्हणजे जपानमधील नात्तो. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूने आंबवलेले हे चिकट, तार सुटणारे सोयाबीन असते. शंभर ग्रॅम नात्तोमध्ये सुमारे हजार मायक्रोग्रॅम एमके-७ सापडते. ‘आमच्या इडली-ढोकळ्यातही के-२ असते’ असे संदेश फिरतात, परंतु त्या पिठांत मुख्यतः दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात आणि नात्तोच्या जवळपास जाणारे प्रमाण त्यांतून मिळत नाही. नात्तोचे खरे भाऊबंद आपल्या ईशान्येत आहेत. मणिपूरचे हवाईजार, सिक्कीमचे किनेमा आणि नागालँडचे अखुनी ही सारी त्याच कुळातल्या जिवाणूंनी आंबवलेली सोयाबीन आहेत. सांगली-साताऱ्याच्या स्वयंपाकघरात ती येण्याची शक्यता कमी, हे मान्य.

तुमच्या आईच्या वयाला के पेक्षा कॅल्शियम आणि प्रथिने यांच्याकडे मी आधी पाहीन. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. दूध, दही, ताक, तिळाची चटणी आणि मेथी यांतून उरलेले बरेचसे भरून काढता येते. पालकातले कॅल्शियम ऑक्झलेटमुळे फारसे अंगी लागत नाही, म्हणून पालक के-साठी आणि नाचणी कॅल्शियमसाठी, अशी वाटणी मनात ठेवावी.

खुबा-गुडघा (प्रतिसाद)

मी जिल्ह्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमच्या आईंना मी तपासलेले नाही, तेव्हा पुढील मजकूर माहिती म्हणून वाचावा आणि निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

आधी के जीवनसत्त्व हाडात काय करते ते सांगतो, कारण मामेबहिणीचे बोलणे निराधार नाही, फक्त ते अर्ध्या वाटेवर थांबते. हाड बांधणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचे प्रथिन तयार करतात. त्यातील ग्लुटामिक आम्लाच्या ठरावीक जागांवर एक जादा कार्बॉक्सिल गट बसवावा लागतो. तो बसला की त्या जागेला कॅल्शियम धरणारा चिमटा तयार होतो, आणि हे बसवण्याचे काम के जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. के कमी पडले, तर बिनचिमट्याचे ऑस्टिओकॅल्सिन रक्तात वाढलेले दिसते. के-१ दिले किंवा के-२ दिले, की ते उतरते. हे जवळजवळ प्रत्येक अभ्यासात दिसले आहे आणि त्याविषयी वाद नाही. वाद पुढच्या प्रश्नावर आहे. रक्तातला आकडा सुधारला म्हणून बाई पडल्यावर तिचे हाड मोडायचे थांबते का?

लोकसंख्येच्या निरीक्षणातून आशा वाटावी असेच चित्र होते. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले, ज्यांच्या आहारात के कमी होते त्यांच्यात खुब्याचे अस्थिभंग जास्त आढळले. जपानमध्ये नात्तो भरपूर खाणाऱ्या पूर्व भागात खुबा मोडण्याचे प्रमाण पश्चिम भागापेक्षा कमी होते, आणि टोकियोतील स्त्रियांच्या रक्तात एमके-७ हे हिरोशिमातील स्त्रियांच्या चौपटीहून जास्त सापडले. मात्र रोज हिरवी पाने खाणारी व्यक्ती चालतेही जास्त आणि एकूणच प्रकृतीला जपते. भाजीचे श्रेय कोणते आणि चालण्याचे कोणते, हे अशा पाहणीतून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात.

तसे अभ्यास झाले आहेत. टोरोंटोमध्ये हाडांची घनता कमी असलेल्या ४४० स्त्रियांना रोज ५ मिलिग्रॅम के-१ किंवा दिसायला तशीच निष्क्रिय गोळी दोन ते चार वर्षे देण्यात आली. निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि घनतेत काहीही फरक पडलेला नव्हता. गंमत अशी की अस्थिभंग मात्र के-१ च्या गटात ९ स्त्रियांना झाले आणि दुसऱ्या गटात २० जणींना. पण अभ्यासाची आखणी अस्थिभंग मोजण्यासाठी नव्हती आणि आकडे इतके लहान आहेत की त्यांवर उपचार उभारता येत नाही. एमके-७ बाबत नॉर्वेत ३३४ स्त्रियांना वर्षभर रोज ३६० मायक्रोग्रॅम दिले, फरक नाही. नेदरलँड्समध्ये २४४ निरोगी स्त्रियांना तीन वर्षे १८० मायक्रोग्रॅम दिले. तेथे कणा आणि मांडीच्या हाडाची मान यांची झीज थोडी मंदावली, संपूर्ण खुब्याची मात्र नाही. मामेबहिणीच्या बाटलीवरची जाहिरात बहुधा याच अभ्यासावर उभी असेल. नंतर डेन्मार्कमध्ये घनता कमी असलेल्या १४२ स्त्रियांना कॅल्शियम आणि डी यांच्या जोडीला ३७५ मायक्रोग्रॅम तीन वर्षे दिले. २०२१ मध्ये निकाल आला आणि घनता दोन्ही गटांत सारखीच निघाली.

आता ‘जपानमध्ये डॉक्टर देतात’ याविषयी. ते खरे आहे, आणि नेमकी येथेच फसगत होते. जपानमध्ये १९९५ पासून ठिसूळ हाडांसाठी जे दिले जाते ते एमके-४, म्हणजे के-२ चा दुसरा प्रकार, आहे, आणि त्याची मात्रा दिवसाला ४५ मिलिग्रॅम. तुमच्या पट्टीवर ४५ मायक्रोग्रॅम एमके-७ आहे. आकडा तोच, पण मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्यात हजारपटींचे अंतर आहे आणि रेणूही वेगळा आहे. ‘मि.ग्रॅ.’ आणि ‘मा.ग्रॅ.’ यांतला काना-वेलांटीचा फरक वाचायचा राहिला, की जपानचा दाखला सांगलीच्या पट्टीला चिकटतो.

त्या मोठ्या मात्रेचे तरी काय झाले? २००० मध्ये २४१ रुग्णांच्या एका जपानी अभ्यासात अस्थिभंग कमी झाल्याचे दिसले होते. पुढे चार हजारांहून अधिक स्त्रियांवर तीन वर्षे अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात कॅल्शियमबरोबर एमके-४ घेणाऱ्या आणि नुसते कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांत मणक्यांचे नवे अस्थिभंग एकंदरीत सारखेच होते. ज्यांचे पाच किंवा अधिक मणके आधीच दबलेले होते, त्या उपगटात थोडा लाभ दिसला. मधल्या काळात, २००६ मध्ये, अनेक अभ्यासांची बेरीज करणारा एक लेख आला होता आणि त्यात खुब्याचे अस्थिभंग तीन चतुर्थांशांहून जास्त घटल्याचे म्हटले होते. तो आकडा आजही जाहिरातींत फिरतो. पण त्या बेरजेत योशिहिरो सातो या संशोधकाचे अभ्यास मोजलेले होते, आणि त्यांचे अनेक शोधनिबंध बनावट माहितीमुळे पुढे मागे घेण्यात आले. ते वगळले की बेरजेतला दम बराच ओसरतो.

याच्या शेजारी ॲलेंड्रोनेट ठेवून पाहा. ज्यांचा मणका आधी मोडलेला आहे अशा दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरील १९९६ च्या अभ्यासात मणक्यांचे आणि खुब्याचे नवे अस्थिभंग सुमारे निम्म्यावर आले. तुमच्या आईंचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली, म्हणजे ठिसूळ हाडांच्या पट्ट्यात, आहे आणि उभ्या उंचीवरून पडून त्यांचे हाड मोडले आहे. एक हाड असे मोडले, की पुढचे मोडण्याचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे के-२ घ्यावे की नाही यापेक्षा आठवड्याची गोळी बंद पट्टीत पडून राहिली आहे, ही गोष्ट मला जास्त काळजीची वाटते.

जबड्याविषयीची भीती हवेतली नाही. तसा विकार होतो, पण तो मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांना याच गटातील औषधे शिरेतून मोठ्या मात्रेत दिली जातात तेव्हा. आठवड्याच्या गोळीवर तो फार विरळा आहे. दात काढायचे किंवा रोपण करायचे असेल, तर ते आधी उरकून घ्यावे, एवढी खबरदारी पुरते. दीर्घकाळ वापरानंतर मांडीच्या हाडाचा वेगळ्या प्रकारचा अस्थिभंगही क्वचित होतो, म्हणून साधारण पाच वर्षांनी गोळी चालू ठेवायची की थांबवायची याचा फेरविचार करतात. गोळी घेण्याची रीत मात्र काटेकोर पाळावी. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती गिळायची आणि पुढचा निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तेथे जखम होऊ शकते. कॅल्शियम त्या वेळी घेऊ नये, ते दुपारीच ठीक आहे. गोळी मुळीच सोसली नाही, तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक आम्ल आहे. त्याविषयी डॉक्टरांशी बोलता येईल.

मग के-२ चे काय? रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरीनसारखी गोळी चालू नसेल, तर १४५ मायक्रोग्रॅमने आईंना अपाय होण्याचे कारण दिसत नाही. उपकाराची खात्री मी देणार नाही. रक्तवाहिन्या साफ राहण्याची गोष्टही अद्याप प्रयोगात उतरलेली नाही. डेन्मार्कमध्येच ३६५ पुरुषांना दोन वर्षे ७२० मायक्रोग्रॅम एमके-७ आणि डी देऊन हृदयाच्या महाधमनी झडपेतले कॅल्शियम मोजले, तेव्हा ते साचण्याचा वेग कमी झालेला नव्हता. आमच्या व्यवसायातल्या माणसाने हे म्हणणे थोडे अवघड आहे, पण कॅल्शियमच्या गोळीत के-२ असते ते पुष्कळदा पुराव्यामुळे नसते. पट्टीवर एक घटक वाढला की किंमत वाढवता येते, म्हणून ते तेथे असते.

जुनी_शिक्षिका (प्रतिसाद)

एका व्यक्तीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले, तरी सांगते. मी ७१ वर्षांची आहे. औषध टाळण्यासाठी मी दोन वर्षे नेमाने के-२ च्या कॅप्सूल घेतल्या आणि त्या काळात माझा खुब्याचा टी-स्कोअर उणे २.६ वरून उणे २.९ वर गेला. कॅप्सूल घेतल्या नसत्या तर तो कुठे गेला असता हे कोणाला सांगता येणार, असे माझी मुलगी म्हणते, आणि तिचे बरोबर आहे. पण ती दोन वर्षे मी खऱ्या उपचाराविना घालवली, हे मला आज टोचते. आता मी वर्षाचे इंजेक्शन घेते. पहिल्या वेळी दोन दिवस कणकण होती, दुसऱ्या वेळी तेवढेही नाही.

के-२ ने आपली गुडघेदुखी गेली, असे सांगणाऱ्या मैत्रिणी मला भेटतात. पण हाडांचा ठिसूळपणा मुळात दुखत नाही, हाड मोडेपर्यंत तो आपल्या अस्तित्वाची चाहूलही देत नाही. गुडघा दुखतो तो सांध्याच्या झिजेने, आणि तो आजार वेगळा.

आणखी एक. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी आणि खाली रबराची जाळीदार चटई, एवढे या आठवड्यातच करून घ्या. आमच्याकडे प्लंबरने ते दुपारभरात केले.

माजघर (पूरक प्रश्न)

सर्वांची मनापासून आभारी आहे. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.

मात्र तो वाचत असताना बाबांनी मध्येच विचारले, “रक्त पातळ ठेवायची गोळी म्हणजे माझीच ना?” बाबा ७२ वर्षांचे आहेत. संधिवाताच्या तापाने खराब झालेली त्यांची हृदयातली मिट्रल झडप अकरा वर्षांपूर्वी बदलून धातूची बसवली आहे, आणि तेव्हापासून ते असेनोकुमारॉल घेतात. चौकशी केल्यावर असे निघाले की आईच्या कॅल्शियमच्या पट्टीतलीच एक गोळी ते गेले सहा आठवडे रोज घेत आहेत. ‘कॅल्शियम काय, दोघांनाही चांगलेच’, या विचाराने आईच त्यांच्या वाटीत एक गोळी ठेवत होती. मी त्यांची आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तो जितका जास्त तितके रक्त पातळ) वही काढून पाहिली. वर्षभर आकडा २.६ ते ३.२ च्या दरम्यान आहे, गेल्या महिन्यात तो १.९ आला. तेव्हा गोळीची मात्रा २ वरून ३ मिलिग्रॅम करण्यात आली. काही नवे औषध चालू केले आहे का, असे त्या वेळी विचारलेही गेले होते, आणि बाबांनी ‘नाही’ असे सांगितले. कॅल्शियम हे औषध आहे असे त्यांना वाटलेच नाही.

याचा के-२ शी संबंध असेल का? आजपासून त्यांची कॅल्शियमची गोळी बंद करू का?

खुबा-गुडघा (प्रतिसाद)

संबंध असण्याची दाट शक्यता आहे. कृपया यातले काहीही परस्पर करू नका. हृदयविकारतज्ज्ञांना आजच फोन करा, उद्याची वाट पाहू नका.

कारण असे आहे. असेनोकुमारॉल आणि वॉरफरीन के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवतात. त्यामुळे यकृतात तयार होणाऱ्या, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना मी वर सांगितलेले तेच चिमटे बसत नाहीत आणि रक्त पातळ राहते. बाहेरून के मिळाले, की हा अडथळा काही अंशी वळसा घालून पार होतो. त्यात एमके-७ विशेष प्रबळ आहे, कारण के-१ रक्तातून काही तासांत उतरते आणि एमके-७ चे अर्धायुष्य सुमारे तीन दिवसांचे आहे. रोजच्या गोळीने ते साचत जाते. नेदरलँड्समध्ये निरोगी स्वयंसेवकांना असेनोकुमारॉलच देऊन हे तपासले होते, आणि काहींच्या बाबतीत दिवसाला १० मायक्रोग्रॅम एमके-७ सुद्धा आयएनआर हलवण्यास पुरेसे ठरले. बाबा घेत होते ४५. धातूच्या मिट्रल झडपेवर १.९ हा आकडा कमी आहे. झडपेवर गुठळी धरली तर पक्षाघातापर्यंत मजल जाऊ शकते.

आता उलट बाजू पाहा. मात्रा २ वरून ३ वर नेली ती के-२ शरीरात असताना. उद्या के-२ बंद केले आणि ३ मिलिग्रॅम तसेच राहिले, तर पुढील एक-दोन आठवड्यांत आयएनआर वर चढत जाईल आणि रक्तस्रावाची भीती निर्माण होईल. म्हणून के-२ थांबवणे आणि मात्रा पुन्हा जुळवणे ही दोन्ही कामे एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या थोड्या दिवसांनी आयएनआर पाहत व्हायला हवीत. दरम्यान एका बाजूचा अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे, काळे शौचास होणे, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार यांपैकी काही घडले, तर फोन न करता थेट रुग्णालय गाठावे. फोनवर सांगताना पट्टी हातात धरा आणि तिच्यावरचे सर्व घटक वाचून दाखवा. ‘कॅल्शियम चालू होते’ एवढेच सांगितले, तर समोरच्याच्या लक्षात येणार नाही.

एपिक्सॅबॅन, रिव्हारॉक्सॅबॅन यांसारख्या नव्या गोळ्यांचे काम के वर अवलंबून नसते. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, तेथे जुनीच गोळी लागते. कोणी ‘गोळी बदलून घ्या’ असा सल्ला दिला, तर तो या कारणाने सोडून द्यावा.

अळूवडी (प्रतिसाद)

डॉक्टरांच्या म्हणण्याला ताटाची एक पुरवणी जोडते. हे वाचून बाबांची पालेभाजी बंद करू नका. अशा रुग्णांना ‘हिरवे काही खाऊ नका’ असे सांगण्याची प्रथा होती आणि त्याने उलट त्रासच होतो. ज्याच्या पोटात के अगदी थोडे जाते, त्याचा आयएनआर एखाद्या दिवशीच्या अळूच्या भाजीनेही डगमगतो. आठवड्याला जेवढी पालेभाजी ते आजवर खात आले, तेवढीच पुढेही खावी, एकदम वाढवू नये आणि एकदम तोडू नये. तुमच्याकडे श्रावणात पालेभाजी वर्ज्य असेल, तर ते हृदयविकारतज्ज्ञांना आधी सांगून त्या महिन्यात आयएनआरची एक जादा तपासणी करून घ्यावी.

माजघर (शेवटचे कळवते)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. त्याच दिवशी फोन केला. बाबांचा आयएनआर दुसऱ्या दिवशी सकाळी २.४ होता. हृदयविकारतज्ज्ञांनी के-२ असलेली गोळी थांबवली आणि पाचव्या दिवशी पुन्हा तपासणी ठेवली. तेव्हा तो ३.१ झाला होता, आठव्या दिवशी ३.९. त्या टप्प्यावर त्यांनी मात्रा उतरवत पुन्हा २ मिलिग्रॅमवर आणली. काल तो २.९ होता. हिरडीतून रक्त वगैरे काही नाही.

आता आईच्या पट्टीवर मी लाल शाईने ‘फक्त आई’ असे लिहून ठेवले आहे आणि दोघांचे डबे वेगळे केले आहेत. तिच्या डॉक्टरांनी के-२ नसलेली साधी कॅल्शियम-डी-३ ची गोळी लिहून दिली, ती आधीच्या पट्टीपेक्षा स्वस्तही पडली. न्यू जर्सीची बाटली कपाटात आहे. मामेबहिणीला मी सगळे कळवले. तिचे सासरेही वॉरफरीन घेतात आणि त्यांच्याही घरात तीच बाटली आहे, असे तिने लगेच उलट लिहिले. आता ती तिकडच्या डॉक्टरांशी बोलणार आहे.

आईने कीड लागलेली दाढ आधी काढून घेतली, तिची जखम भरल्यावर दंतवैद्यांनी परवानगी दिली, आणि गेल्या सोमवारी तिने आठवड्याची पहिली गोळी घेतली. अर्धा तास आडवे व्हायचे नाही, म्हणून ती खुर्चीत ताठ बसून मेथी निवडत होती. चहा मिळेपर्यंत तिने दोन जुड्या निवडल्या.

एक शंका राहिली आहे. सोमवारी तिचा उपास असतो. गोळीनंतर अर्ध्या तासाने नुसता चहा घेऊन पुढे दुपारपर्यंत काही खाल्ले नाही तर चालते का, की गोळीचा वार बदलावा?

खुबा-गुडघा (प्रतिसाद)

चालते. गोळीला आधीचे पोट रिकामे लागते, नंतर खाल्लेच पाहिजे असे नाही. तरी चहाने पित्त उसळत असेल किंवा छातीत जळजळ होत असेल, तर वार बदलून मंगळवार करावा. आठवड्यातून एकच दिवस आणि तो ठरलेला, एवढे सांभाळले म्हणजे झाले. जळजळ टिकून राहिली किंवा गिळताना दुखू लागले, तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना दाखवा.